डिफरन्शियलमधल्या अक्षता

धुळ्यात आग्रा रोडला माझं गॅरेज होतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती. लोकही तसंच म्हणायचे. लळिंगच्या चढावर एखाद्या ट्रकचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, खडखडायला लागलं की ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचा आणि मग माझ्याकडे यायचा. तेव्हा मी पस्तिशीचा होतो. डोकं गरम आणि जीभ त्याहून गरम. बायको म्हणायची, तुमचं गिऱ्हाईक हातामुळे टिकतं आणि तोंडामुळे पळतं. खोटं नव्हतं ते.

नव्वदीची पहिली वर्षं होती आणि श्रावण संपत आला होता. एका दुपारी दारात एक गाडी येऊन थांबली आणि मी हातातला पाना खाली ठेवला. असली गाडी मी फक्त जुन्या मासिकांत पाहिली होती. अमेरिकेची, लांबच लांब, सायीच्या रंगाची. इंजिन आठ सिलिंडरचं. ड्रायव्हरनं ते चालू ठेवलं होतं, पण आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या टेबलावरच्या चहाच्या ग्लासात तेवढी बारीक वलयं उठत होती. बॉनेट उघडायला लावलं आणि मी नुसता बघत राहिलो. आमच्या रस्त्यावरून पळणाऱ्या चार गाड्यांचं बळ तिच्या एकटीच्या पोटात होतं आणि ती मांजरासारखी घुरघुरत उभी होती. अरे बाप रे, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मागच्या दारातून नाना उतरले. सावद्याजवळचे केळीचे बागायतदार, पन्नाशीचे, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. इंदूरच्या एका घरातून त्यांनी ही गाडी हौसेनं घेतली होती. गाडी त्यांची आणि बसायचे मागे, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

"भाऊ, मी ही चालवत नाई आता," ते म्हणाले. "काही इलाज असला तं कर. नाई तं मी तिले कापून भंगारात देतो."

कापून! मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, नाना, आधी सगळं सांगा, कापाकापी मागून बघू.

झालं होतं असं. नानांच्या बागेकडची वाट काळ्या मातीची आणि मध्ये पाण्याची चारी. गाडी चारीवरून तिरकी नेली की मागचं एक चाक अधांतरी व्हायचं आणि ते एकटंच गरगर फिरायचं. जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म. एवढ्या बळाची गाडी, आणि तिला ओढायला बैल आणावे लागायचे. गाव हसायचं. आता आमचा शेतकरी ट्रॅक्टर ओळखतो. ट्रॅक्टर रुतला की टाचेनं डिफलॉकचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर बाहेर. नानांनी गावातल्या ट्रॅक्टरच्या फिटरला सांगितलं, हिलाही तसंच डिफलॉक करून दे. गाडीला पेडल कुठून बसवणार? त्यानं डिफरन्शियल उघडलं, आतले छोटे गिअर वेल्डिंगनं एकमेकांना चिकटवून टाकले आणि झाकण लावलं. चिखलातून गाडी सुसाट निघाली. नानांनी पेढे वाटले.

मी कपाळाला हात लावला. ट्रॅक्टरवाला पेडल सोडल्याशिवाय कधी वळत नाही. हिचं पेडल मात्र कायमचंच दाबलेलं.

नानांची एक थोरली बहीण होती. नाना सव्वा महिन्याचे असताना आई गेली आणि या बहिणीनं त्यांना वाढवलं. पुढे ती विधवा होऊन माहेरी आली आणि केळीची सगळी बागाईत तिनंच सांभाळली. सगळे तिला अक्का म्हणायचे. दरवर्षी दसरा झाला की नाना तिला चाळीसगाववरून कन्नडच्या घाटानं वेरुळाला न्यायचे. आदल्या वर्षी याच गाडीनं निघाले. परतीचा पाऊस होऊन गेलेला, घाट ओला. एका वळणावर नानांनी स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळेचना, सरळ कठड्याकडे निघाली. घाबरून त्यांनी आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, मग तोच जोरात दाबला. दोन्ही चाकं एकदम सुटली आणि मागचं धूड गर्रकन फिरलं. कठड्याच्या दगडाला टेकून गाडी थांबली. पलीकडे नुसती खोल दरी.

"अक्का ओरडली भाऊ," नाना म्हणाले. "जन्मात मी तिचा असा आवाज आयकला नव्हता. स्टिअरिंगवर हात ठेवला की तोच आवाज कानात येतो. वर्ष झालं, मी बसलोच नाई तठी."

आणि अक्काचं म्हणणं असं की यंदा वेरुळाला जायचं ते याच गाडीनं, आणि चालवायची नानानंच. नाही तर ती घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती.

म्हणजे मला नुसता अ‍ॅक्सल दुरुस्त करायचा नव्हता. त्या माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचं होतं, बहिणीला मागे घेऊन, त्याच घाटात. मी छातीवर हात मारून म्हटलं, काळजी सोडा. काय म्हणून बोललो कोण जाणे. तोंड माझं, दुसरं काय!

खरं सांगायचं तर असल्या गाडीला आत काय बसवावं, हे मला धड माहीत नव्हतं. ट्रकची गोष्ट वेगळी. म्हणून मी एसटीनं भुसावळ आणि तिथून वरणगावला आबांकडे गेलो. आबा तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची जुनी लेथ बाळगून होते. बोलणं कमी आणि डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. इंग्रजी पुस्तकं वाचायचे. मी नानांना सोबत नेलं होतं. आबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही बैलांनी मळणी केलीय ना?"

"जन्म गेला त्यात."

"खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला लागून कोणता बैल बांधता?"

"म्हातारा. त्याले जागच्या जागी फिरायचं असते. तरणा बैल बाहेरच्या बाजूनं, त्याले लय पळनं पडते."

"मग दोघांच्या गळ्यात लोखंडी दांडा अडकवून दोघांना सारखंच पळवलं तर?"

नाना हळूच म्हणाले, "म्हातारा मरीन, नाई तं मेढ उपटीन."

"तुमच्या फिटरनं तेच केलं," आबा म्हणाले.

वीस वर्षं मी डिफरन्शियल खोलत आलो होतो. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि चार छोटे गिअर त्यांना तेवढी मोकळीक देतात, हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं नवल वाटलं. कुणीतरी कधीतरी बसून हे मनात जुळवलं असेल, दोन चाकांना एकाच दांड्यानं ओढायचं आणि तरी दोघांना आपापल्या चालीनं चालू द्यायचं. काय डोकं असेल त्या माणसाचं! मी आबांच्या खोलीत उकिडवा बसून खुळ्यासारखा हसत होतो.

पण मोकळीक फार झाली तर बळ सगळं आळशी चाकाकडे पळतं. म्हणून मोकळीक ठेवायची, पण तिला आवर घालायचा. असं आवर घालणारं डिफरन्शियल दोन जातींचं मिळतं, आबांनी पुस्तकातली चित्रं दाखवली. एकात नुसते तिरप्या दातांचे गिअर, एकमेकांत गुंतलेले. झीज नाही, चाल लोण्यासारखी. मला तेच आवडलं. आबांनी मान हलवली. "या जातीत जमिनीवरच्या चाकाला जे बळ मिळतं ते हलक्या चाकाच्या पटीत मिळतं. चारीवर एक चाक हवेत गेलं की शून्य. शून्याला कितीनंही गुण, शून्यच." दुसरी जात पोलादी चकत्यांची. चकत्यांची चळत स्प्रिंगांनी दाबून धरलेली, त्या एकमेकींवर घासतात आणि दोन्ही चाकांना थोडंफार बांधून ठेवतात, एक चाक हवेत असलं तरी. झिजतात, वळताना कुरकुरतात, पण नानांच्या चारीलाही चालतील आणि घाटालाही. ठरलं. कुर्ल्याच्या भंगारबाजारात दोन दिवस हिंडून मी त्याच घराण्यातल्या गाडीचं तसलं डिफरन्शियल मिळवलं. चकत्या पार गुळगुळीत झालेल्या. आबा म्हणाले, चकत्या मी करतो.

त्यांनी पोलादाच्या पत्र्यातून त्या कापल्या आणि लेथवर तेलासाठी बारीक खाचा पाडल्या. मग जाड काचेवर घासपूड आणि तेल टाकून एकेक चकती हातानं घासत बसले. मी दर रविवारी जायचो. तिसऱ्या रविवारी त्यांनी दोन चकत्या पुसल्या, तेलाचं बोट फिरवलं, एकीवर दुसरी ठेवली आणि वरची उचलली. खालची तिच्यासोबत वर आली. ना चुंबक, ना गोंद. नुसती सपाटी. आबांनी ती माझ्या हातात दिली आणि मी ओढून बघितली, सुटेना. माझे डोळे भरून आले. हसाल तर हसा. सत्तरीच्या माणसाच्या थरथरत्या बोटांनी काढलेली सपाटी होती ती.

मग स्प्रिंगांवरून आमचं भांडण झालं. मला कडक स्प्रिंगा हव्या होत्या. एवढी ताकदवान गाडी, तिला घट्टच आवळायला हवी, हे माझं साधं गणित. आबा म्हणाले, "तुला गाडी चिखलातून काढायचीय की घाटातून न्यायचीय? ओल्या वळणावर एक चाक सुटलं तर दुसरं गाडीला धरून ठेवतं. फार आवळलंस तर दोन्ही एकदम सुटतील. मग धरणार कोण?"

मी वाद घातला. आवाज चढवला. आबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ओरडून झालं की सांग." मी मऊ स्प्रिंगा घेऊन धुळ्याला आलो. बरोबर तेच होते, हे मला एसटीत पारोळ्याच्या आसपास पटलं. धुळ्यात डिफरन्शियल शिकंज्यात धरून एका चाकाचा गिअर अडवला, दुसऱ्याचा लांब कांबीनं फिरवला आणि कांबीच्या टोकाला कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा लावून किती जोर लागतो ते मोजलं. आबांनी सांगितलं होतं त्याच्याशी तंतोतंत जुळलं.

एव्हाना नवरात्र सुरू झालं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी मी घाईत होतो, कारण खंडेनवमीला हत्यारं पाटावर बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत. अ‍ॅक्सल गाडीखालून काढून लोखंडी घोडीवर ठेवला होता, तोंड वर करून. आत डिफरन्शियल बसवलं, क्राऊनच्या, म्हणजे त्यातल्या मोठ्या गिअरच्या, दातांना शेंदूर लावला. हो, शेंदूरच, मारुतीला लावतात तोच. तेलात कालवून दातांवर लावायचा, गिअर फिरवायचे आणि दात कुठे टेकतात ते शेंदराच्या डागावरून वाचायचं. धुळ्यात सगळे जुने मेकॅनिक हेच करायचे. डाग बरोबर दाताच्या मध्यावर पडला होता. इतका सुबक डाग मी आयुष्यात पाडला नव्हता. झाकण तेवढं दसऱ्यानंतर लावू म्हटलं, टेबल आवरलं, सुटे नट-बोल्ट एका डबीच्या झाकणात गोळा केले आणि पूजेसाठी पाने, हातोड्यांसोबत तेही पाटावर मांडलं.

नाना आणि अक्का धुळ्यातच, देवपुरात, नातेवाइकांकडे उतरले होते. नवमीला सकाळी पूजेला दोघं आली. अक्का मी पहिल्यांदा पाहिली. सत्तरीला टेकलेली, काटक, नऊवारीचा पदर खोचलेला, हातात पूजेचं ताट. मी आत नारळ आणायला गेलो. बाहेर आलो तर अक्का घोडीवरच्या अ‍ॅक्सलपुढे उभी. तिनं शेंदूर पाहिला होता.

"देवाले शेंदूर लावला अन् फूल वाह्यलं नाई?" असं म्हणून तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता त्या उघड्या तोंडात सोडल्या. भरभरून. नमस्कारही केला.

तीन रविवार घासलेल्या चकत्या! माझा तोल गेला. रागात माझी घरची अहिराणी बाहेर पडते. "हाई काय करं अक्का तुम्ही! बठ्ठं खोलनं पडी आते! देव कोठे शे तठे?" सगळं पुन्हा खोलावं लागणार, म्हणून मी ओरडत होतो. सणाच्या दिवशी, एका म्हातारीवर, तिच्या भावासमोर. नाना लाजेनं भिंतीकडे बघायला लागले.

अक्का जागची हलली नाही. "खोल मंग उद्या," ती म्हणाली. "तांदूय मी निवडते. जन्मभर तेच केलं मी."

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून मी खोलायला बसलो, तणतणतच. अक्का एकटीच आली होती, पोत्यावर बसली, मांडीवर ताट. मी जे काढून द्यायचो ते ती तेलकट बोटांनी चाचपायची आणि दाताच्या बेचक्यातला दाणा नखानं उचलायची. तिच्या नजरेतून एक कणी सुटत नव्हती. ताटात लाल-पिवळे दाणे जमत होते आणि माझा राग उतरत होता.

मग चार छोट्या गिअरांमधून आडवा जाणारा जाड दांडा काढायची वेळ आली. तो एका लहानशा बोल्टनं अडकवलेला असतो. आधी तो बोल्ट सोडवावा लागतो, मगच दांडा निघतो. मी अ‍ॅक्सलचं तोंड जरासं खाली केलं, आणि दांडा आपोआप सरकत माझ्या तळहातावर आला.

बोल्ट नव्हताच. मी तो लावलाच नव्हता.

मी दांडा हातात फिरवून पाहिला. हे झाकण लावून दिलं असतं तर गाडी नीट चालली असती, पन्नास मैल, शंभर मैल. मग कुठल्या तरी वळणावर दांडा सरकून बाहेर आला असता, फिरत्या क्राऊनमध्ये आडवा घुसला असता आणि मागची दोन्ही चाकं एका क्षणात जाम झाली असती. घाटातच झाली असती. वेल्डिंग करणाऱ्या त्या फिटरला मी महिनाभर येता-जाता शिव्या घालत होतो.

"हे कशाचं?" अक्कानं विचारलं. पाटावर डबीच्या झाकणात पडलेला बोल्ट तिनं उचलला होता. त्याच्यावर हळदकुंकू होतं.

"याचंच," मी म्हणालो. तिनं बोल्ट पदराला पुसून माझ्या हातात दिला. तिच्यासमोर मी तो लावला, आवळला, पुन्हा आवळला. तिनं काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी सोनं द्यायला गेलो तेव्हा मी तिच्या पाया पडलो. नाना हसून म्हणाले, भांडण मिटलं वाटते. मी हो म्हटलं. भित्रा मी, दुसरं काय.

दोन दिवसांनी निघालो. धुळ्यापासून गाडी मी चालवली आणि त्या गाडीचं काय वर्णन करू! पाय टेकवला की रस्ता मागे पळायचा. मोसमाचा शेवटचा पाऊस झालेला, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, आणि खड्डा आला तरी आत कळत नव्हतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी गाणं म्हटलं असतं. पण तो बोल्ट माझ्या घशात अडकला होता. चाळीसगाव गेलं, डोंगराची भिंत समोर आली. घाटाच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेतली. इथून नाना चालवणार असं ठरलं होतं. भुरभुर पाऊस होता. नाना उतरून माझ्या बाजूला आले, दाराला हात लावला, आणि मी म्हटलं, "नाना, थांबा. एक सांगायचंय."

सगळं सांगितलं. बोल्ट, दांडा, चाकं कशी जाम झाली असती, सगळं. काही मऊ करून सांगितलं नाही. नाना पावसात उभे. दाराच्या मुठीवरचा त्यांचा हात खाली आला.

"हे धुळ्यात सांगतलं असतं तं मी गाडी तठीच सोडली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"मंग आता काहून सांगतलं?"

"पुढे घाट आहे म्हणून," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत नसताना तुमच्या हातात स्टिअरिंग द्यायला माझा हात होईना."

नाना दारापासून मागे सरकले. मला वाटलं, संपलं. परत जायचं. हा माणूस आता कधी बसणार नाही आणि याला कारण मी.

मागची काच खाली झाली. "बसवलं ना मंग ते?" अक्कानं मला विचारलं.

"बसवलं."

"कोणासमोर?"

"तुमच्यासमोर."

"मंग काय उभे पावसात? नाना, चाल. मले ऊन व्हायच्या आत वेरूळ पाह्यजे." आकाशात उन्हाचा पत्ता नव्हता.

नाना बसले. मी शेजारी. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, मला दिसत होतं, आणि मी मुद्दाम समोर बघत होतो. गाडी निघाली. पहिल्या आखूड वळणावर मागून चकत्यांचा कुर्र कुर्र आवाज आला आणि नाना दचकले. मी म्हटलं, कुरकुरू द्या, नव्या सुनेसारखी आहे, घर ओळखेल. त्यांना हसू आलं नाही. दुसरं वळण. तिसरं. माकडं कठड्यावर भिजत बसलेली, खाली धुकं.

ते वळण आलं तेव्हा नानांनी सांगायची गरज पडली नाही. त्यांचा श्वासच थांबला. रस्ता ओला, वर शेवाळाचा ओघळ. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली. नुसती वळली. मग चढासाठी त्यांनी पाय दिला. माझ्या सीटखाली मला कळलं, आतलं चाक एक क्षण सुटलं, हलकंसं, आणि त्याच क्षणी बाहेरच्या चाकानं गाडी उचलली. एकानं सोडलं ते दुसऱ्यानं झेललं. त्या आठ सिलिंडरांचं सगळं बळ आबांनी काचेवर घासलेल्या त्या चार बोटं रुंद चकत्यांतून जात होतं, आणि मागचं धूड रेषेवरून तसूभर हललं नाही. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण त्या वळणावर मी हात जोडले. कुणाला जोडले, आबांना, त्या मूठभर तांदळांना की ज्यानं हे यंत्र पहिल्यांदा मनात जुळवलं त्याला, मला सांगता येणार नाही.

वळण मागे पडलं. नाना समोरच बघत होते. आरशात बघायची त्यांची हिंमत नव्हती. ओठ न हलवता त्यांनी मला विचारलं, "भाऊ, अक्का कशी हाये? घाबरली का?"

मी मागे वळून पाहिलं. अक्का सीटवर मांडी घालून, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती.

"झोपलीय," मी म्हणालो.

"काय?"

"झोपलीय हो नाना. घोरतेय. ऐका."

नानांनी काच वर केली. पावसाचा आवाज बंद झाला आणि मागून अक्काचं घोरणं स्पष्ट ऐकू आलं. एक हात स्टिअरिंगवर तसाच ठेवून त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले. "बाप्पा, मी अठी मरून राह्यलो," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् ही पाह्य." मग त्यांनी गिअर बदलला, आवाज होऊ न देता, आणि अगदी सावकाश घाट चढायला लागले, तिची झोप मोडू नये म्हणून.